एका टोपाचा पत्रव्यवहार

शालू गुप्ते यांच्या संसारात बेबनाव झाला आहे, ही बातमी नौपाड्यात सर्वांत आधी पोस्टाला कळली. तिथून ती पोस्टमन काळुरामला कळली, काळुरामकडून तळमजल्यावरच्या वासंती कर्णिकांना कळली, आणि वासंतीबाईंना कळल्यावर आणखी कोणाला कळायची राहिली, हे विचारण्यात अर्थ नव्हता. सर्वांत शेवटी ती परशुराम गुप्ते यांना कळली. ते कल्याणच्या सरकारी कचेरीतून दमून घरी आले होते आणि चहाची वाट बघत होते.

"आपलं भांडण झालंय का गं?" त्यांनी विचारलं.

"हे ऑफिस अवर्स आहेत," शालूताई टाइपरायटरवरून मान वर न करता म्हणाल्या. त्यामुळे भांडण झालंय की नाही, हे परशुरामांनाही नक्की सांगता येईना.

आता खरं सांगायचं तर भांडण झालं होतं. पण ते नवराबायकोचं नव्हतं, ते होतं एका टोपाचं. आणि ते कोणाचं, कशावरून, हे शालूताईंना मरेपर्यंत कोणाला सांगता येणार नव्हतं, कारण त्या सेक्रेटरी होत्या.

वागळे इस्टेटमधली त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी हिशेबात कंपनीचा जुना मराठी टाइपरायटर मागून घेतला. त्याच सुमारास, म्हणजे एक्याण्णव साली, अर्ज करून करून विसर पडलेला टेलिफोन घरी आला. टाइपरायटर आणि टेलिफोन एका टेबलावर आल्यावर शालूताईंना स्वस्थ बसवेना. त्या काळात ठाण्यातल्या निम्म्या धंदेवाल्यांच्या कार्डावर जो नंबर असायचा त्यापुढे 'पी.पी.' लिहिलेलं असायचं. म्हणजे फोन शेजाऱ्याचा. शेजाऱ्याने तो उचलायचा, गॅलरीतून हाका मारायच्या, माणूस नसला तर "सांगतो" म्हणायचं आणि जेवून झोपायचं. या प्रकाराची शालूताईंना मनस्वी चीड होती. लोकांची लग्नं, मयतं आणि ऑर्डरी असल्या "सांगतो"वर चालाव्यात? निरोप घेणं ही काय शेजारधर्माची गोष्ट आहे? ती शिस्तीची गोष्ट आहे, आणि ती शिस्त त्या जुन्या कंपनीच्या दस्तूरसाहेबांच्या हाताखाली अर्धं आयुष्य घालवून शिकल्या होत्या.

म्हणून त्यांनी दारावर पाटी लावली: 'गुप्ते सेक्रेटरिअल सर्व्हिसेस'. ज्याला ऑफिस नाही त्याचं ऑफिस. फोन आमचा, पत्ता आमचा, टायपिंग आमचं. क्लायंटने फक्त धंदा करायचा. नणंदबाईंनी "त्यापेक्षा आमच्या मसाल्याच्या पुड्या भरायला ये, हात रिकामे राहणार नाहीत," असं सुचवलं. त्या वाक्याने शालूताईंचा जो पारा चढला, तो पुढचे दोन महिने त्यांना कामाला पुरला. धंदा चालवून दाखवायचा, नाहीतर नणंदेच्या दारात हळदीच्या पिवळ्या हातांनी उभं राहायचं, असा सरळ मामला होता.

क्लायंट मिळाले दोन. पहिला माजिवड्याचा लिओ डिमेलो, लग्नाबारशाच्या जेवणावळी करणारा. दुसरा चेंदणी कोळीवाड्याचा धाकू कोळी, मासळी पुरवणारा. हे दोघे एकमेकांचे लहानपणापासूनचे दोस्त. लिओच्या स्वयंपाकात धाकूचीच मासळी, आणि धाकूच्या घरच्या कार्याला लिओचीच भांडी. लिओने शालूताईंचं नाव धाकूला सांगितलं नव्हतं आणि धाकूने लिओला. दोघांनाही आपण सेक्रेटरी ठेवली म्हणताना थोडी लाज आणि बराच रुबाब वाटायचा. दोघांनी आपापल्या कार्डावर मोठ्या ऐटीत 'ऑफिस' म्हणून शालूताईंचा पत्ता छापून घेतला. ही दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवून बघणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते बोलणाऱ्यातलं नव्हतं. एका क्लायंटचं दुसऱ्याला कळता कामा नये, ही दस्तूरसाहेबांची पहिली शिकवण. शालूताई लिओच्या कामाला टेबलाच्या डाव्या बाजूला बसायच्या आणि धाकूच्या कामाला खुर्ची उचलून उजव्या बाजूला न्यायच्या.

एके दिवशी लिओने बूथवरून फोन केला. थेल्माचं, म्हणजे त्याच्या मुलीचं, लग्न नाताळानंतर ठरलं होतं आणि मधे ऑर्डरींची गर्दी होती.

"शालूबाय, एक काम हाय. तो चेंदणीचा धाकू माजा मोठा टोप घेऊन गेलाय, पुतन्याच्या हलदीला. त्याला सांग, टोप मोकला झाला का दे. घाई नाय."

आता हा काय निरोप झाला? कोणता टोप, कधी नेला, परत कधी देणार, कशाचा पत्ता नाही. आणि वर "घाई नाय"! दस्तूरसाहेबांच्या कंपनीने वसुलीच्या पत्रात "घाई नाही" असं लिहिलं असतं तर ती आणखी आधीच बंद पडली असती. क्लायंट काय बोलतो ते नव्हे, क्लायंटला काय म्हणायचं आहे ते लिहायचं, हीच तर सेक्रेटरीची करामत. शालूताईंनी खुर्ची डावीकडे नेली, बाँड पेपर चढवला आणि टाइप केलं:

'महोदय, आमच्या मालकीचा एक (१) मोठा टोप, झाकणासह, आपल्या ताब्यात आहे. सदर टोप हे पत्र मिळताच विनाविलंब परत करावा. अन्यथा पुढील परिणामांची सर्वस्वी जबाबदारी आपणावर राहील.'

झाकणाबद्दल लिओ काही बोलला नव्हता. पण टोप म्हटला की झाकण आलंच, आणि क्लायंटचा विसराळूपणा सांभाळून घेणं सेक्रेटरीचं काम. पत्राची कार्बन कॉपी फायलीला लागली. मूळ प्रत रजिस्टर करायची होती, कारण ज्या पत्राची पोच नाही ते पत्र लिहिलेलंच नाही, असं दस्तूरसाहेब मानत.

पोस्टातल्या कारकुनाने पाकीट उलटंसुलटं करून बघितलं.

"पाठवणाऱ्याचा पत्ता?"

"खाली आहे."

"आणि घेणाऱ्याचा?"

"वर आहे."

"बाई, हे दोन्ही एकच आहेत."

"मग?"

"म्हणजे तुमच्या घरून तुमच्याच घरी? हातात द्या की!"

"हातात दिलं तर पोचपावती कोण देणार? तुम्ही?" शालूताईंचा आवाज चढला. रांगेतली माणसं बघायला लागली. एका पत्त्यावरून त्याच पत्त्यावर पत्र पाठवायला मनाई करणारा नियम दाखवा, नाहीतर शिक्का मारा, असं त्यांनी सुनावलं. कारकून पोस्टमास्तरांकडे गेला. पोस्टमास्तरांनी जाड पुस्तक काढलं. तसा नियम त्यात नव्हता, कारण असं कोणी करील हे सरकारच्या डोक्यातच आलं नव्हतं. शिक्का बसला. कारकुनाने पावती देताना हळू आवाजात, "मिटवून घ्या ताई, संसारात होतं असं," म्हटलं. शालूताईंना त्याचा अर्थ कळला नाही, पण सूर अजिबात आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी काळुराम ते पत्र घेऊन आला. शालूताईंनी 'धाकू कोळी यांच्याकरिता' अशी सही केली. मग पोचपावती लिओच्या नावाने परत आली, तीही त्यांनीच घेतली. काम चोख झाल्याचं त्यांना मनापासून समाधान वाटलं.

धाकू आपलं टपाल बघायला यायचा तो मासळी देऊन परतताना. शालूताईंनी खुर्ची उजवीकडे नेली, पाकीट फोडलं आणि पत्र वाचून दाखवलं. वाचता वाचता त्यांचाच चेहरा लाल झाला. ही काय भाषा? 'परिणामांची जबाबदारी'? सज्जन माणसाला, तेही टोपासाठी? लिहिणाऱ्याला काही रीतभात आहे की नाही? त्या क्षणी त्या धाकूच्या सेक्रेटरी होत्या आणि आपल्या क्लायंटचा झालेला अपमान त्यांना खराखुरा झोंबला होता.

धाकू मात्र गोंधळला होता. "लिओनं लिवलंय? माज्या लिओनं?" त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "जाऊ दे. लग्नाच्या गरबडीत हाय तो. त्याला लिवा, हलद झाली का मीच घेऊन येतो, राग मानू नको. आनि झाकन नव्हता त्याला."

'राग मानू नको'! असल्या पत्राला असलं उत्तर? शालूताईंना धाकूचा भोळेपणा बघवेना. त्यांनी टाइप केलं: 'आपल्या पत्रातील भाषा आक्षेपार्ह असून आम्ही तिचा तीव्र निषेध करतो. सदर टोपास झाकण नव्हते. अस्तित्वात नसलेल्या वस्तूची मागणी करण्यामागील आपला हेतू स्पष्ट करावा.' हे पत्रही रजिस्टर झालं. कारकुनाने या वेळी काही न बोलता शिक्का मारला आणि शेजारच्या कारकुनाकडे बघून मान हलवली.

लिओने ते उत्तर फोनवर ऐकलं.

"झाकन? मी झाकन कवा मागितला?" मग एकदम, "पन तो मना खोटारडा बोलतो? धाकू? लहानपनी माजिवड्याच्या खाडीत मी त्याला बुडताना वर काढला, आनि तो माजा हेतू इचारतो?" त्याने घरी जाऊन गर्ट्रूडला, म्हणजे बायकोला, विचारलं. गर्ट्रूडने माळा उपसला. कुठल्या तरी भांड्याचं झाकण सापडलं नाही, एवढं तिला नक्की सांगता आलं. जे सापडत नाही ते धाकूकडेच असणार, असं दोघांचं ठरलं. दोन दिवसांत लिओला ते झाकण डोळ्यांपुढे दिसायलाही लागलं, त्याच्या कडेच्या पोच्यासकट.

त्यानंतर पत्रं वाढत गेली. एक डावीकडून, एक उजवीकडून. प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा सरस. शालूताईंनी आयुष्यात इतकी उत्तम मराठी कधी लिहिली नव्हती. दोन्ही क्लायंट त्यांच्यावर बेहद्द खूष होते. "माज्या पोटातलं बरोबर काढतेस बघ तू," असं दोघंही म्हणत. अर्थात ते पोटात आधी नव्हतं, पत्र ऐकल्यावर यायचं, हा भाग वेगळा. लिओ मासळी आणायला आता थेट कल्याणच्या बाजारात जायला लागला. धाकूने ते ऐकलं आणि त्या दिवशी जेवला नाही.

इकडे वासंतीबाईंनी मध्यस्थी सुरू केली होती. "शालू, एका घरात राहून रजिस्टर पत्रं? अगं, निदान साध्या टपालाने तरी पाठवायची! त्यांचं बाहेर काही आहे का?"

"माझ्या कामाबद्दल मी बोलू शकत नाही," शालूताई म्हणाल्या.

"बघा, बोलवत नाहीये बिचारीला," असं वासंतीबाईंनी जिन्यात सांगितलं. इमारतीतले पुरुष परशुरामांशी बोलेनासे झाले. पत्र्याच्या शेडखाली पत्ते खेळणारी मंडळी त्यांना डाव देईनात. परशुराम आयुष्यात कोणाशी भांडले नव्हते. त्यांचा कचेरीतला अनुभव असा, की फाइल नुसती ठेवून दिली की प्रकरण आपोआप थंड होतं. त्यांनी बायकोला तसा सल्ला दिलाही. "पत्रं जरा ठेवून दे ना कपाटात."

"क्लायंटचं टपाल दाबून ठेवू?" शालूताईंचे डोळे विस्फारले. "त्यापेक्षा मी तुमच्याशी भांडले आहे असंच लोकांना वाटू दे." आणि लोकांना तसंच वाटत राहिलं. पेशाच्या इमानाखातर आपला सुखाचा संसार चव्हाट्यावर टांगणारी ही बाई, आणि तिचं कौतुक करायला एक माणूस नव्हता! याचा त्यांना फार राग यायचा.

रविवारी त्या नेहमीप्रमाणे बाजारात गेल्या. गुप्त्यांच्या घरात रविवारी मासळी नसली तर रविवार उजाडला असं कोणी मानत नसे. धाकूची बायको आवडाबाई तिथे पाटी घेऊन बसायची.

"ये गो शालूबाय. तू आमचं किती ग्वाड लिवतेस," आवडाबाई कोयत्याने सुरमईचा तुकडा पाडत म्हणाली. "पन त्या लिओनं कोन सेक्रेटरी ठेवलीय, सटवी. दोस्ताच्या कालजात सुरी चालवतेय ती. मना भेटू दे एकदा. तिचं थोबाड फोडीन."

कोयता खाली आला. धाकूची सेक्रेटरी म्हणून शालूताईंना हे म्हणणं पूर्ण पटलं होतं. लिओची सेक्रेटरी म्हणून त्या एक पाऊल मागे सरकल्या. "पोटासाठी करत असेल हो बिचारी," त्या कशाबशा म्हणाल्या.

"पोटासाठी कोनी आग लावतं?" आवडाबाईने विचारलं. शालूताईंना त्या दिवशी सुरमई गोड लागली नाही.

शेवटचं पत्र धाकूचं होतं. त्याने फक्त एवढंच सांगितलं होतं, की लिओला कल्याणची मासळी चांगली लागत असेल तर लग्नालाही तिथूनच आण म्हणावं. बोलताना त्याने तोंड फिरवून घेतलं होतं. शालूताईंनी नेहमीप्रमाणे नीट मांडलं: 'आपल्या कन्येच्या विवाहप्रसंगी मासळी पुरविण्यास आम्ही असमर्थ आहोत. यापुढे आपला आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही, याची नोंद घ्यावी.' टाइप करून झाल्यावर त्यांची बोटं की-बोर्डवर थोडी रेंगाळली. पण पत्र पूर्ण होतं आणि समास एकदम सरळ आले होते.

ते पत्र फोनवर ऐकल्यावर लिओ म्हणाला, "उद्या सकाळी मी येतो. तोंडानं सांगतो, तसंच लिव." आणि योगायोग असा, की धाकूही त्याच सकाळी यायला निघाला, आपलं पत्र फार कडक झालं का, हे विचारायला. आणि त्याच सकाळी वासंतीबाई महिला मंडळाच्या चार बायकांना घेऊन गुप्त्यांच्या हॉलमध्ये येऊन बसल्या होत्या. परशुरामांना त्यांनी सोफ्यावर मधोमध बसवलं होतं.

"भावजी, आम्ही कोणाची बाजू घ्यायला आलो नाही," वासंतीबाई म्हणाल्या. "फक्त एकदा सगळ्यांसमोर सांगा, ती दुसरी कोण?"

"टोप," परशुराम भेदरून म्हणाले. शालूताई टाइप करताना जे पुटपुटत त्यातला तेवढाच शब्द त्यांना माहीत होता.

तेवढ्यात लिओ आत आला. त्याच्या पाठोपाठ धाकू. दोघं दारातच थांबले.

"तू हितं कशाला?" लिओ म्हणाला.

"हा माजा ऑफिस हाय."

"तुजा? हा माजा ऑफिस हाय!" लिओने खिशातून कार्ड काढलं. धाकूनेही काढलं. वासंतीबाईंनी पुढे होऊन दोन्ही कार्डं वाचली, मग पाटी वाचली, मग टेबलाकडे आणि खुर्चीकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक भलं मोठं प्रकरण हातचं गेल्याचं दुःख पसरलं.

"म्हंजे दोनी बाजूंनी तूच लिवत होतीस गो?" लिओने विचारलं. "माज्या थेल्माच्या लग्नाला मासली नाय, ते तूच लिवलंस? आनि झाकन तुजाच?"

"मी माझ्या मनाने एक अक्षर लिहीत नाही!" शालूताई ताडकन उठल्या. सगळं जग आपल्यावर अन्याय करत आहे असं त्यांना वाटत होतं. "क्लायंट जे सांगतो ते मी नीट मांडते. कोणाचं कोणाला सांगितलं नाही. एक पत्र हरवलं नाही, एक पोच चुकली नाही. माझा संसार मोडला असं गाव म्हणतंय, तरी मी तोंड उघडलं नाही. तुमच्यासाठी! आणि तुम्ही मलाच विचारता?"

धाकू दाराशीच खाली बसला. त्याने टोपी तोंडाशी धरली होती.

"थेल्माला खांद्यावर घेऊन मी यात्रा दावली," तो म्हणाला. "आनि तिच्या लग्नाला मासली देनार नव्हतो मी." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. लिओ त्याच्याकडे बघत उभा होता. त्याला पुढे जायचं होतं, पण मधे इतकी कडक पत्रं पडली होती की पाय उचलत नव्हता.

शालूताईंनी खुर्चीकडे बघितलं. डावीकडे बसावं की उजवीकडे, त्यांना कळेना. शेवटी त्या टेबल सोडून हॉलच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"धाकूशेठ," त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी एक निरोप द्यायचा राहिला आहे. मिस्टर डिमेलो म्हणाले होते, टोप मोकळा झाला की दे. घाई नाही."

धाकूने मान वर केली. "हा कवाचा निरोप?"

"अगदी पहिला." मग त्या लिओकडे वळल्या. "आणि तुमच्यासाठीही आहे. हळद झाली की मीच घेऊन येतो. राग मानू नको."

लिओने धाकूला हात दिला आणि उठवलं. पुढचं त्यांचं बोलणं इतकं भराभर आणि इतक्या शिव्या घालून चाललं होतं, की महिला मंडळाच्या बायकांनी पदराने तोंडं झाकली. परशुरामांनी सर्वांसाठी चहा टाकला. त्यांना कोणीतरी "बसा हो भावजी," म्हटलं. कित्येक दिवसांनी असं कोणी म्हणालं होतं, म्हणून ते बसले आणि चहा उतू गेला.

थेल्माचं लग्न थाटात झालं. टोपात कालवण रटरटत होतं, वर केळीचं पान झाकलं होतं. दोघांनी शालूताईंना मानाने पंगतीत बसवलं, वाढलं, आणि निघताना हातात सुक्या बोंबलांचा पुडा दिला. घरी येऊन पुडा सोडला तर तो बाँड पेपर होता. 'महोदय, आमच्या मालकीचा एक (१) मोठा टोप...' दस्तूरसाहेबांना दाखवावं असं पत्र, आणि त्यात बोंबील! शालूताईंचा असा संताप झाला की त्यांनी बोंबील तव्यावर टाकून आधी तो कागद इस्त्री केला.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. लिओ होता. धाकूला सांग, बारशाची ऑर्डर आलीय, सवडीने ये. शालूताईंनी सवयीने कागद चढवला, 'महोदय' टाइप केलं, आणि थांबल्या. मग कागद काढला, चपला घातल्या आणि स्वतः बाजारात गेल्या.

"आवडाबाई, निरोप आहे. लिओभाऊ म्हणतात, बारशाची ऑर्डर आहे, सवडीने या."

आवडाबाईने सगळं ऐकून घेतलं. पाटीतलं सर्वांत मोठं पापलेट उचललं, त्याचे पंख साफ केले, आणि शालूताईंच्या पिशवीत टाकताना कोयता तसाच हातात ठेवला.

"घे. आनि ती लिओची सेक्रेटरी भेटली तर तिला पन एक निरोप दे माजा," ती म्हणाली. "तिचं थोबाड फोडायचं हाय, मी इसरली नाय. पन सांग, घाई नाय."